किरणपाणी ते डिचोली : एका पायलटचे पासिंग

गोव्याला जाऊन आले म्हटले की आमच्या सावंतवाडीतल्या शेजारणी आधी काजू मागतात. या वेळी मी काजू आणले नाहीत. ज्या कामाला गेले होते ते कसे झाले तेवढे सांगते, म्हणजे कुणी रुसायला नको.

मी कुंदा. सव्वीस वर्षे लाल गाडीवर कंडक्टर होते, आता घरी असते. माझा मावसभाऊ अंकुश गोव्याच्या पेडणे तालुक्यात, केरीला राहतो. तो पायलट आहे. विमानाचा नव्हे हो! गोव्यात पायलट म्हणजे दुचाकीच्या मागच्या सीटवर भाड्याने माणूस बसवून नेणारा. त्याच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो आणि बाकी गाडी काळी. लांबून पिवळे दिसले की लोक हात करतात. रिक्षावाला जिथे यायला नाक मुरडतो तिथे पायलट जातो, अगदी माडांतल्या पायवाटेनेसुद्धा. सावंतवाडीत मी परक्या पुरुषाच्या मागे बसून बाजारात गेले तर संध्याकाळच्या आत चार जण घरी चौकशीला येतील. तिकडे शाळेतल्या बाई, मासेवाली, बँकेतली मुलगी, सगळ्या बिनधास्त बसतात. मला गोव्याचे हे फार आवडते.

दोन वर्षांपूर्वी अंकुशने पेट्रोलची गाडी भंगारात दिली आणि इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. सरकारची योजना होती. धूर सोडणारी जुनी गाडी मोडीत काढा, बॅटरीची नवी घ्या, आम्ही हातभार लावतो. बाहेरच्या राज्यातली एक कंपनी आली, मांडव घातला, फुगे लावले, गाड्या विकल्या. फॉर्म मोबाईलवर इंग्रजीत भरायचा होता. तो मीच भरला, घरी बसून, अंकुशला फोनवर एकेक गोष्ट विचारत. आयुष्यभर तिकिटे आणि वेबिल लिहिलेली बाई मी. एक खाडाखोड नाही, एक चूक नाही. तेव्हा मी ते चार जणांना सांगितलेही होते.

पुढे योजना थांबली. योजना थांबली तशी कंपनीनेही गाशा गुंडाळला. आणि गेल्या महिन्यात अंकुशचा फोन आला.

"आक्का, बुधवारी गाडयेचा पासिंग आसा. डिचोलीक. शेवटचो दिवस. नापास झाली तर माझा परमीट जातला."

"मग नीट धुऊन-पुसून ने."

"गाडी बरी आसा गो. पण माका सायबांसमोर बोलूक येणा नाय, तुका म्हायत आसा. जीभ चिकटता माझी. तू ये."

पासिंग म्हणजे भाड्याच्या गाडीची सरकारी तपासणी. ते झाले नाही तर भाडे मारता येत नाही. जुनी गाडी तर केव्हाच लोखंडाच्या भावात गेलेली. म्हणजे ही स्कूटर अडली की पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ घरी बसणार. मी पिशवी भरली.

किरणपाणी, मंगळवार

सावंतवाडीहून आरोंद्याची बस धरायची, उतरून पूल ओलांडायचा, की पलीकडे गोव्याचे किरणपाणी. अंकुश तिथे हेल्मेट हातात घेऊन उभा होता. केस बरेच पिकलेत. स्कूटर मात्र नवरीसारखी चमकत होती, पिवळ्या मडगार्डवर बोट उमटू नये अशी.

मागे बसले आणि सवयीने त्याच्या हेल्मेटवर दोनदा टकटक केले. बसमध्ये दोन घंटा दिल्या की गाडी सोडायची, तसे. आणखी एक सवय आमच्यात आहे. त्याच्या गाडीवर मी फुकट बसत नाही. उतरताना भाडे त्याच्या हातावर ठेवते. तो दर वेळी चिडतो, "आक्का, लाज आणतंस माका," म्हणतो. मी म्हणते, "तिकीट म्हणजे तिकीट." मग तो हसतो आणि घेतो. वीस वर्षे हेच चालले आहे.

बसण्याआधी माझी नजर मागच्या पाटीवर गेली होती. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे.

"अंकुश, भाड्याच्या गाडीची अक्षरं पिवळी असतात ना रे?"

"ती पेट्रोलची गो. इलेक्ट्रिकची पाटी अशीच येता. आमच्या स्टँडार दुसरी इलेक्ट्रिकच नाय, कोणाची बघून सांगू?"

मी कंडक्टर, आरटीओ नव्हे. विषय सोडला. आज वाटते, तिथेच उतरून नीट विचारायला हवे होते.

घरी न जाता आम्ही आधी मोरजीला गेलो. अंकुशच्या चार्जरची वायर तुटायला आली होती आणि बाजारात तसली मिळत नव्हती. मोरजीला बाबल नावाचा त्याचा दोस्त पर्यटकांना भाड्याने दुचाकी देतो. देतो म्हणजे द्यायचा. त्याच्या माडांच्या बागेत इलेक्ट्रिक स्कूटरींची रांगच्या रांग उभी होती, वरून झावळ्या टाकलेल्या. एका सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती.

"सरकारान सांगला, नवी घेशात तर इलेक्ट्रिकच घेया," बाबल म्हणाला. "घेतलंय. ह्येंका चावी नाय, मोबाईलच्या अॅपान सुरू जातत. कंपनी गेली, अॅप बंद. आता काय करतलंय? आरती ओवाळतलंय?"

"सरकारला विचारलंस?"

"विचारलंय मगे! सरकार म्हणता, कंपनी पळाली. कंपनी म्हणता, सरकारान हात काडलो. माझ्यो गाड्यो हंयच." त्याने समुद्राकडे बोट केले. "थंय कासवान अंडी घातली की खात्याची माणसा कुंपण घालतत, पारो करतत. बरा करतत. पण कासव जगूचा म्हणान घेतलेल्यो ह्यो गाड्यो, ह्येंका कोणी कुंपण घालूक नाय."

अंकुशची स्कूटर जुन्या पद्धतीची, चावीची, म्हणून ती अजून धावत होती. बाबलने एका मेलेल्या गाडीची वायर कापून दिली, जोड काळ्या टेपने गुंडाळला, आणि उरलेली टेपची रिळे "र्‍हवांदी, कामाक येतली" म्हणत अंकुशच्या डिकीत टाकली.

केरीला पोचलो तेव्हा अंकुशच्या बायकोने, रेशमाने, बांगड्याची आमटी, तिकडचे हुमण, आणि उकड्या तांदळाचा भात केला होता. आमच्याकडे तिरफळ घालतात तसेच, पण आंबटपणाला हात सैल. चार्जरची वायर खिडकीतून आत ओढली आणि स्कूटर ओसरीला टेकवली. अंकुश जेवताना तीनदा उठला, दिवा हिरवा आहे का बघायला. रेशमा मला हळूच म्हणाली, "आक्का, ते कामाक गेले नाय तर माणसातसून उठतले. घरात बसपाची सवय नाय त्यांका." पुढच्या वेळी दिवा बघायला मीच उठले.

केरी ते डिचोली, बुधवार

सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत आला. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात आणि तो दारात ऊन पोई देतो, कोंड्याचा चपटा पाव. आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचे खाणे, इथे पोई नसली तर सकाळच होत नाही. पातळ भाजीबरोबर मी दोन खाल्ल्या. अंकुशने एकही नाही.

डिचोलीच्या मैदानावर पासिंगचे शिबिर होते आणि तिथे एक वाजेपर्यंतच गाड्या घेणार होते. बॅटरी आता पूर्वीसारखी टिकत नाही, म्हणून आम्ही लवकर निघालो. पेडण्याच्या स्टँडवरून जाताना त्याच्या सोबत्यांनी हात केले. "पास होवन ये रे!" एकाने ओरडून सांगितले. बाजाराच्या टोकाला सरकारी चार्जिंगचा खांब उभा आहे. तो सांभाळायचे काम त्याच कंपनीकडे होते. खांबाच्या डोक्यावर कुणी बाईने कोकमाची सोले वाळत घातली होती. अंकुशने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

धारगळच्या पुढे डोक्यावरून एक विमान गेले, मोपाच्या विमानतळाकडे उतरणारे. अंकुश त्या सकाळी पहिल्यांदा हसला. "आक्का, तो पण पायलट, मी पण पायलट. त्येका पासिंग लागता काय गो?"

"लागत असेल. समोर बघ."

कोलवाळचा पूल गेला, थिवी गेली. अस्नोडा सोडल्यावर चढ लागला आणि स्कूटरचा आवाज बदलला. वेगाच्या काट्याच्या शेजारी एक लहानसे चित्र पेटले. कासवाचे.

"ह्या काय रे?"

"बॅटरी उतरली. आता ती कासवासारखी चलतली." त्याचा आवाज कोरडा झाला होता. "दोन माणसांचा वजन, त्येच्यात चढ."

"म्हणजे मी जड."

"तसा नाय गो आक्का!"

"गप. थांबव." मी उतरले. तो पुढे हळूहळू आणि मी मागून पिशवी घेऊन चालत, असा तो चढ आम्ही काढला. खनिजाचे ट्रक बाजूने जात होते. एकेक ट्रक गेला की तांबडी धूळ तोंडात. या ट्रकांना कधी कासव दिसत नाही, एवढा राग आला मला!

शिरगावला रस्त्याकडेच्या चहाच्या हॉटेलात मालकीणबाईला विनवले. बिचारीने दुसरा प्रश्न न विचारता थंड पेयांच्या फ्रीजचा प्लग काढून आम्हाला जागा दिली. "पासिंग काय? माझो घोव ट्रकार आसा, माका म्हायत आसा पासिंग म्हणजे कसलो घोर तो," म्हणाली. चार्जरचा दिवा लागला. मी चहा तोंडाला लावला आणि दिवा गेला. फक्त चार्जरचा नाही, पंखाही थांबला. लाइटच गेली.

साडेअकरा झाले होते. अंकुश बाकावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत घातले. लहानपणी परीक्षेच्या दिवशी तो असाच बसायचा. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. मी वीजवाल्यांना बोलले, कंपनीला बोलले, योजना काढणाऱ्यांना बोलले, थांबवणाऱ्यांना बोलले. मालकीणबाई म्हणाली, "बाय, च्या निवता." मी चहा प्याले.

बारा वाजायला थोडे कमी असताना पंखा फिरला. अंकुश उडालाच. आम्ही घड्याळाकडे बघत अर्धा तास काढला, कासव गेले, आणि साडेबाराला निघालो. मुळगाव कधी मागे पडले कळले नाही. डिचोलीच्या मैदानावर पोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती आणि माझी पाठ घामाने भिजली होती.

तपासणारी बाई तिशीतली, हातात टॅब, बोलायला गोड. मी सगळे मुद्दे तोंडपाठ करून आले होते, पण बोलायची वेळच आली नाही. ब्रेक बघितले, बरोबर. दिवे, बरोबर. हॉर्न, आरसे, टायर, बरोबर. एक फेरी मारून आणली, तीही झाली. "गाडी सुरेख ठेवलीय हो तुम्ही," ती अंकुशला म्हणाली. अंकुशने माझ्याकडे बघितले. त्याचे डोळे असे काही फुलले होते की मी पिशवीतून पेढे काढायला हात घातला.

"फक्त नोंद बघते," ती म्हणाली आणि टॅबवर बोट फिरवले. मग परत फिरवले. "परमीट तुमच्या जुन्या गाडीवरून पुढे आलंय, पण ही गाडी खाजगी वापरासाठी नोंदलेली आहे."

"काय?" मी म्हणाले.

"म्हणूनच पाटीवरची अक्षरं पांढरी आहेत. इलेक्ट्रिक असली तरी भाड्याच्या गाडीला पिवळी लागतात."

"अहो, पिवळा मडगार्ड दिसत नाही का तुम्हाला? दोन वर्षं हा माणूस पेडण्याच्या स्टँडवर उभा राहतो. सगळा तालुका ओळखतो! खाजगी म्हणे! कुणी केली ही नोंद?"

"कंपनीने. गाडी घेताना भरलेल्या फॉर्मवरून." तिने फॉर्म उघडला. "हं. बघा ना. फॉर्ममध्ये 'धंदा' असा रकाना आहे. त्यात लिहिलंय, पायलट." आणि ती हसली. खरेच हसू आले तिला. "कंपनी बाहेरची. त्यांना वाटलं विमानाचा पायलट. पत्ता पेडणे, तिथे विमानतळ आहेच. विमान चालवणारा माणूस स्कूटरवर भाडं कशाला मारेल? म्हणून वापर खाजगी." मग तिने आमची तोंडे बघितली आणि तिचे हसू गेले. "कुणी भरला होता फॉर्म?"

मला ती दुपार आठवली. सावंतवाडीचा झोपाळा, मांडीवर चष्म्याची पेटी, आणि मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकेक दाबत पायलट लिहिलेले. अंकुशला फोनवर वाचूनही दाखवले होते. "बरोबर?" मी विचारले होते. "बरोबर," तो म्हणाला होता.

"मी," मी म्हणाले. "मी भरला."

अंकुश साहेबांसमोर कधी बोलत नाही. तो पुढे झाला. "आक्कान बरोबरच लिवलान, मॅडम. मी पायलटच असंय."

"मला माहीत आहे हो," ती बाई म्हणाली. "मी डिचोलीचीच आहे. शाळेत असताना पायलटच्याच गाडीवरून गेलेय. पण ही नोंद कंपनीने केली, ती दुरुस्त करायला कंपनीचं पत्र लागतं. आणि कंपनी..."

"कंपनीला फोन लावला की गाणं वाजतं," मी म्हणाले. "मॅडम, चूक माझी आहे. मी लिहून देते, सही करते, अंगठा देते. पाहिजे तर माझ्यावर काय ती कारवाई करा. ह्याची गाडी पास करा."

"ताई, माझ्या हातात असतं तर आत्ता केली असती. तुम्ही अर्ज द्या. मी वर पाठवते." तिला पुढचे बोलणे जड जात होते, तेवढे मला दिसले. "आणि एक. खाजगी गाडीला पिवळा मडगार्ड चालत नाही. रस्त्यावर कुणी अडवलं तर गाडी जप्त होईल. इथून जायच्या आधी तो झाका."

अंकुशने डिकी उघडली आणि बाबलने दिलेली काळी टेप काढली. मैदानाच्या कडेला, काजूच्या झाडाखाली उकिडवा बसून तो एकेक पट्टी लावत गेला, सुरकुती पडू न देता, वरून खाली. मी टेप फाडून देत होते. शेवटची पट्टी लावायच्या आधी त्याने मडगार्डच्या उरलेल्या पिवळ्या तुकड्यावरची धूळ रुमालाने पुसली. मग ती लावली. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. "अरे, शिव्या तरी घाल मला," मी म्हणाले. तो म्हणाला, "पेढे काड. भूक लागली."

येताना पेडण्याच्या स्टँडजवळ एक मासेवाली टोपली घेऊन उभी होती. ती अंकुशचे हेल्मेट ओळखत असावी. "ए पायलट!" तिने हात केला. मग तिची नजर पुढच्या चाकावर गेली, तिने हात खाली घेतला आणि दुसरीकडे बघायला लागली. अंकुश थांबला नाही.

किरणपाणी, गुरुवार

सकाळी मी केरीला बसून मराठीत अर्ज लिहिला. या वेळी प्रत्येक शब्दाआधी थांबले. पुलाच्या अलीकडे सीटवर कागद ठेवून अंकुशला सहीला दिला. तो सावकाश, ओठ हलवत वाचत गेला. धंदा, दुचाकीवरून भाड्याने माणसे नेणे.

"आक्का, ह्येच्यात पायलट खंय लिवलंस?"

"नाही लिहिलं. त्याच शब्दाने घात केला ना."

त्याने सही केली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. डिचोलीला तो पोचवणार होता, बसने. अर्ज अजून वरच आहे. मी दर सोमवारी फोन करते. ती बाई दर वेळी उचलते आणि दर वेळी तिचा आवाज आधीच्यापेक्षा हळू असतो.

त्या दिवशी पुलापलीकडे बस आली. मी सवयीने बटव्यातून भाडे काढले आणि त्याच्यापुढे धरले. "तिकीट म्हणजे तिकीट," म्हणाले. तो चिडला नाही. त्याने माझी बोटे मिटवली, पैशांसकट.

"आता नको गो, आक्का. खाजगी गाडयेर भाडा घेतला तर गुन्हो जाता."

मी पूल ओलांडून बसमध्ये बसले. सव्वीस वर्षे विनातिकीट माणसाला मी गाडीतून खाली उतरवत आले. त्या दिवशी अंकुशच्या गाडीवरून मीच विनातिकीट उतरले, आणि मला कुणी काही बोलले नाही.